आपत्ती, निसर्ग आणि माणसाचे कर्तव्य : कन्फ्यूशियसच्या परंपरेतील एक विचार

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



पूर आला, दुष्काळ पडला, धरणीकंप झाला की माणसाच्या तोंडून दोन उद्गार हमखास निघतात. एक म्हणतो, "नशिबात होते, झाले." दुसरा म्हणतो, "पापाचा घडा भरला, म्हणून हा कोप झाला." गंमत अशी की हे दुसरे वाक्य बोलणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच्या पापाविषयी बोलत असतो. दोन्ही उद्गार काढून झाले म्हणजे करावयाचे असे काही उरत नाही. मनुष्य हात झटकून मोकळा होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच पाणी त्याच दारातून आत येते.

अडीच हजार वर्षांपूर्वी चीन देशात होऊन गेलेल्या कन्फ्यूशियस या थोर शिक्षकाने आणि त्याच्या परंपरेतील पंडितांनी या प्रश्नाचा कसा विचार केला, त्यातले काय टिकले, काय फसले, आणि तुम्हा-आम्हाला त्यातून काय घेता येईल, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. विद्येसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, असे आपल्या घरांतून वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. तेव्हा थोडा वेळ तिकडे जाऊन येऊ.

'कन्फ्यूशियस' हे युरोपियन लोकांनी बनवलेले लॅटिन रूप आहे. चिनी लोक त्यांना 'खुंग-फू-त्झू' म्हणजे खुंग गुरुजी म्हणतात. इ. स. पूर्व ५५१ मध्ये लू नावाच्या राज्यात, आजच्या शांतुंग प्रांतात, त्यांचा जन्म झाला आणि इ. स. पूर्व ४७९ मध्ये ते वारले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले होते. पुढे त्यांनी शिकवण्याचे काम केले, आणि शिकू इच्छिणाऱ्या माणसाला त्याचे कूळ वा ऐपत पाहून त्यांनी परत पाठवले नाही. त्यांच्या मागे शिष्यपरंपरेने त्यांचे बोलणे-वागणे 'लुन-यू' या लहानशा ग्रंथात गोळा करून ठेवले.

कन्फ्यूशियस यांनी आपत्तींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. भुतेखेते, चमत्कार यांविषयी ते बोलतच नसत, असे शिष्य सांगतात. परंतु त्यांच्या वागण्याच्या काही बारीक नोंदी आहेत. ते गळाने मासे धरीत, पण पाण्यात आडवे जाळे लावीत नसत. पक्ष्यांची शिकार करीत, पण विसाव्याला बसलेल्या पक्ष्यावर बाण सोडीत नसत. ढगांचा गडगडाट झाला किंवा सोसाट्याचा वारा सुटला की त्यांची मुद्रा गंभीर होई. एकदा तबेल्याला आग लागली. घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो कोणा माणसाला इजा झाली का, हा. घोड्यांविषयी विचारले नाही. त्या काळी घोडा ही फार किमती वस्तू होती, हे लक्षात घ्या.

या नोंदी एकत्र ठेवल्या म्हणजे एक दृष्टी दिसू लागते. निसर्गाकडून घ्यावे, पण ओरबाडून घेऊ नये. त्याच्या सामर्थ्यापुढे नम्र असावे. आणि संकट आले की आधी माणसे मोजावीत, मालमत्ता मागाहून.

आता ही दृष्टी ज्या भूमीत वाढली तिच्याकडे पाहू. उत्तर चीनमधून ह्वांग-हो म्हणजे पिवळी नदी वाहते. वाटेत पिवळसर मऊ मातीचे प्रचंड पठार आहे. ती माती पाण्याबरोबर येते आणि सपाट प्रदेशात तळाशी बसते. तळ वर येतो, म्हणून लोक बांध उंच करतात. पुन्हा तळ वर येतो, पुन्हा बांध उंच होतो. अखेर नदी आसपासच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते. अशी नदी फुटली म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा. १८५५ साली तर तिने आपले पात्रच बदलले. पूर्वी शांतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेस समुद्राला मिळणारी नदी उत्तरेस जाऊन मिळू लागली.

अशा देशात राजाची पहिली परीक्षा पाण्याशी होते. चिनी लोकांच्या प्राचीन कथेत महापुराची गोष्ट आहे. कुन नावाच्या अधिकाऱ्याने पाणी अडवण्यासाठी बांधामागून बांध घातले आणि तो फसला. त्याचा मुलगा यू याने पाण्याला अडवण्याऐवजी त्याच्या उताराने कालवे खणले आणि पूर समुद्राकडे काढून दिला. हे काम करीत असता तो तीन वेळा स्वतःच्या दारावरून गेला, पण आत गेला नाही, असे सांगतात. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण कन्फ्यूशियसच्या परंपरेने यूला आदर्श राजा मानले. पाण्याचा स्वभाव आधी ओळखावा आणि मग काम करावे, हा धडा तिने या कथेतून घेतला.

कन्फ्यूशियसनंतर सुमारे शतकाने मेन्शियस हा पंडित झाला. तो राजांच्या दरबारी जाऊन त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावीत असे. ल्यांग राज्याचा राजा त्याला म्हणाला की, एका भागात पीक बुडाले तर मी तेथली माणसे दुसरीकडे हलवतो आणि धान्य तिकडे पाठवतो, तरी माझी प्रजा वाढत का नाही? मेन्शियसने त्याला शेतीचे साधे नियम सांगितले. नांगरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला वेठीला धरू नये. तळ्यात बारीक विणीची जाळी टाकू नयेत, म्हणजे लहान मासळी वाचेल. जंगलात कुऱ्हाड योग्य ऋतूतच न्यावी. एवढे केले तर धान्य, मासळी आणि लाकूड खपता खपणार नाही. मग त्याने राजाला विचारले की, रस्त्यावर उपासमारीने माणसे पडली असता कोठार न उघडता 'हा दोष माझा नव्हे, हंगामाचा आहे' असे म्हणणे आणि माणसाला भोसकून 'हा दोष माझा नव्हे, हत्याराचा आहे' असे म्हणणे यांत फरक काय?

वाचकहो, हा प्रश्न तेवीसशे वर्षांपूर्वीचा आहे. पाऊस न पडणे हे निसर्गाचे. पण उपाशी मरणे हे नेहमीच निसर्गाचे नसते, हा भेद त्याने इतक्या पूर्वी केला.

मेन्शियसची दुसरी गोष्ट न्यू-शान म्हणजे बैल-टेकडीची. एका मोठ्या शहराच्या सीमेवर ही टेकडी होती. एके काळी तिच्यावर दाट झाडी होती. शहरच्या लोकांनी ती तोडली. पाऊस आणि दंव यांमुळे पुन्हा कोंब फुटत, पण तेवढ्यात गुरेमेंढरे चरायला येत. शेवटी टेकडी बोडकी झाली, आणि नव्याने येणाऱ्या माणसाला वाटू लागले की ही मुळातच अशी आहे. मेन्शियसने हा दृष्टान्त माणसाच्या मनाविषयी दिला होता. रोज थोडे थोडे तोडले तर माणसाचा चांगुलपणाही असाच बोडका होतो, असे त्याला म्हणायचे होते. पण त्याने डोंगराकडे किती बारकाईने पाहिले होते, हेही त्यातून समजते.

तिसरी गोष्ट पाय क्वै नावाच्या माणसाची. तो प्रौढीने म्हणाला की, पुराचे पाणी हटवण्यात मी यूपेक्षा वरचढ आहे. मेन्शियस म्हणाला की, यूने पाणी समुद्रात सोडले आणि तुम्ही ते शेजारच्या राज्यात सोडता. स्वतःचे अंगण कोरडे करून शेजाऱ्याच्या घरात पाणी लोटणारे लोक तेव्हाही होते.

यानंतर परंपरेत मोठा वाद उभा राहिला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात हान घराण्याच्या काळी तुंग चुंग-शू नावाचा पंडित झाला. चिनी भाषेत 'थियेन' हा शब्द आकाश आणि सर्वांच्या वरची सत्ता अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. तुंगचे म्हणणे असे की, थियेन, पृथ्वी आणि मनुष्य हे एकमेकांशी बांधलेले आहेत. राजा अन्यायाने वागला की निसर्गाचा तोल ढळतो आणि पूर, दुष्काळ, ग्रहण यांच्या रूपाने त्याला ताकीद मिळते.

आजच्या विज्ञानाने पाहता हे खरे नाही. राजाच्या दुर्वर्तनाने ग्रहण लागत नाही. परंतु या कल्पनेचा उपयोग काय होता, तो पाहा. सर्वसत्ताधारी सम्राटाला तू चुकलास असे कोण सांगणार? आपत्तीने ती संधी मिळे. इ. स. पूर्व १७८ मध्ये सूर्यग्रहण झाले तेव्हा सम्राट वन याने फर्मान काढून आपल्या उणिवा दाखवण्यास लोकांना सांगितले आणि स्पष्ट बोलणारी माणसे सुचवण्यास सांगितले. त्याहून जुनी कथा थांग राजाची आहे. दीर्घ अवर्षणात त्याने प्रार्थना केली ती स्वतःला प्रश्न विचारून. माझ्या कारभारात शिस्त नाही काय? प्रजेला मी राबवून घेतले काय? माझे महाल फार भपकेबाज झाले काय? लाचलुचपत वाढली काय? चहाडखोरांचे चालते काय? पाऊस पडो न पडो, असे प्रश्न स्वतःला विचारणारा राजा प्रजेला हवासाच वाटेल.

मात्र याच कल्पनेचा गैरवापरही झाला. इ. स. पूर्व ७ मध्ये आकाशात मंगळाची अशुभ स्थिती दिसल्याचे सांगण्यात आले. ती सम्राटावर येऊ नये म्हणून चाय फांग-चिन या मुख्य प्रधानावर दोष ढकलण्यात आला आणि त्याला आत्महत्या करावी लागली. सम्राटही त्याच वर्षी मेला, ही गोष्ट वेगळी. खुद्द तुंगचीही फजिती झाली. इ. स. पूर्व १३५ मध्ये राजघराण्याच्या देवस्थानांना आगी लागल्या. त्याने त्यांचा अर्थ लावणारे टिपण लिहिले. ते चोरून दरबारात पोहोचवण्यात आले. त्याच्याच एका शिष्याने, हे गुरूंचे लिखाण आहे हे ठाऊक नसल्याने, ते मूर्खपणाचे ठरवले. तुंगला देहान्ताची शिक्षा झाली. पुढे माफी मिळाली, पण त्यानंतर आपत्तींचा अर्थ सांगण्याची हिंमत त्याने केली नाही.

या विचाराला उत्तर तुंगच्या पूर्वीच, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, शून-त्झू या पंडिताने देऊन ठेवले होते. तोही कन्फ्यूशियसचाच अनुयायी. त्याच्या मते निसर्गाचा क्रम ठरलेला आहे. चांगल्या राजासाठी तो बदलत नाही आणि दुष्टासाठीही बदलत नाही. तारा तुटला, झाड कडाडले, तर नवल वाटणे ठीक आहे. पण भिण्याचे कारण नाही. पावसासाठी विधी केल्यावर पाऊस पडतो तो विधी न करताही पडतो. विधी माणसाच्या समाधानासाठी आहेत, असे समजून ते करावेत. मग भ्यावे कशाला? शून-त्झू म्हणतो, माणसाच्या हातून घडणाऱ्या अपशकुनांना भ्यावे. शेत नीट नांगरलेले नाही, तण काढलेले नाही, कारभार वाकडा आहे, धान्य महाग आहे, लोक उपाशी आहेत, हे खरे अपशकुन होत. शेती नीट केली आणि खर्च जपून केला तर निसर्ग कोणाला दरिद्री करू शकत नाही, असे त्याचे सांगणे होते.

एक पंडित म्हणतो आपत्ती ही ताकीद आहे, दुसरा म्हणतो ती निसर्गाची चाल आहे. पण दोघेही एका ठिकाणी भेटतात. आपत्ती आली म्हणजे बोट स्वतःच्या कर्तव्याकडे वळवावे, ही ती जागा. पीडितांनी काय पाप केले, असे दोघांपैकी कोणी विचारत नाही. ज्याच्या हाती कारभार होता त्याने काय करावयाचे राहिले, असे दोघे विचारतात. माझ्या मते या परंपरेचे सार एवढ्यात आहे.

हा विचार पुस्तकात पडून राहिला नाही. इ. स. १३२ मध्ये चांग हंग या दरबारी ज्योतिर्विदाने भूकंप दाखवणारे यंत्र तयार केले. तांब्याच्या मोठ्या भांड्याभोवती आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात गोळी आणि खाली तोंड उघडून बसलेले बेडूक. धक्का बसला की एका दिशेची गोळी बेडकाच्या तोंडात पडे. एकदा गोळी पडली, पण राजधानीत कोणाला धक्का जाणवला नाही. लोकांनी शंका घेतली. काही दिवसांनी दूरच्या लुंग-शी भागातून भूकंपाची बातमी घेऊन जासूद आला. बातमी लवकर कळली तर मदतही लवकर निघेल, हा त्यातला उपयोग.

दुसरे उदाहरण धान्याच्या कोठारांचे. इ. स. पूर्व ५४ मध्ये सरकारी समतोल कोठारे सुरू झाली. स्वस्ताईत धान्य घ्यायचे, महागाईत विकायचे. पण सरकारी कोठारे शहरात, आणि भूक खेड्यात! बाराव्या शतकात चू शी हा मोठा तत्त्वज्ञ फुच्येन प्रांतातील एका डोंगराळ गावी राहत असे. ११६८ साली तेथे दुष्काळ पडला. त्याने सरकारकडून ६०० शि धान्य (शि हे चिनी माप आहे) उसने आणून लोकांत वाटले. हिवाळ्यात लोकांनी ते परत केले. मग ११७१ साली त्याने गावातच कोठार बांधले. उन्हाळ्यात गरजूला धान्य द्यायचे, सुगीनंतर शेकडा २० वाढीने परत घ्यायचे. पीक कमी आले तर वाढी निम्मी, आणि मोठा दुष्काळ असेल तर वाढी माफ. चौदा वर्षांत मूळचे ६०० शि सरकारला परत गेले आणि गावाजवळ ३१०० शि धान्य शिल्लक राहिले. तेव्हापासून वाढी बंद; फक्त घटीपोटी शेकडा ३ घ्यायचे. दर्शनशास्त्रावर मोठमोठी भाष्ये लिहिणारा हा मनुष्य धान्याच्या घटीचा हिशोबही ठेवीत होता. ज्या समाजात शिक्षणसंस्था मुठीमुठीने जमवलेल्या निधीवर उभ्या राहतात त्या आपल्या समाजाला या हिशोबाचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरे उदाहरण एका चित्राचे. १०७३-७४ मध्ये उत्तर चीनमध्ये भयंकर अवर्षण पडले. राजधानी खाय-फंगच्या एका वेशीवर चंग श्या नावाचा लहानसा अधिकारी होता. वेशीतून येणारे भुकेकंगाल निर्वासित तो रोज पाहत असे. त्याने त्यांचे चित्र काढवून घेतले आणि तातडीच्या टपालाने थेट सम्राटाकडे धाडले. चित्र पाहून सम्राटाला रात्रभर झोप आली नाही, असे इतिहासात लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी त्याने लोकांना जाचणाऱ्या अनेक योजना थांबवल्या. चंग श्याला मात्र पुढे हद्दपारी भोगावी लागली. खरे सांगणाऱ्याला किंमत द्यावी लागते, हेही या गोष्टीत आले.

आणि पिवळ्या नदीचे काय? इ. स. पूर्व ७ च्या सुमारास च्या रांग नावाच्या माणसाने सम्राटाला पुरावरचे तीन उपाय लिहून दिले. त्याने सांगितले की, पूर्वी नदीच्या दोन्ही बाजूंना बांध होते ते पात्रापासून २५ ली म्हणजे सुमारे दहा किलोमीटर दूर होते. मधल्या जागेत नदीला पसरायला वाव होता. पण तेथे गाळाची सुपीक जमीन तयार झाली. लोक आधी पेरायला गेले, मग झोपड्या घातल्या, मग गावे वसली, मग गावांना वाचवायला आतल्या बाजूने नवे बांध घातले. नदीची जागा आक्रसत गेली. त्याच्या मते सर्वोत्तम उपाय म्हणजे लोकांना दुसरीकडे नीट वसवून नदीची जागा नदीला परत देणे. मध्यम उपाय, कालवे काढून पाणी वाटून टाकणे. आणि सर्वांत हलका उपाय, जुने बांध डागडुजी करीत बसणे. नदीला नुसती अडवणे म्हणजे रडणाऱ्या मुलाचे तोंड दाबून धरण्यासारखे आहे, अशी उपमाही त्याने दिली. बहुतेक वेळा स्वीकारला गेला तो तिसराच उपाय.

पुढे अकराव्या शतकात चांग त्साय या पंडिताने एक छोटासा लेख लिहून आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला. आकाश पिता, पृथ्वी माता, सर्व माणसे भावंडे आणि सृष्टीतील सर्व वस्तू सोबती, असा त्याचा आशय आहे. चार शतकांनी वांग यांग-मिंग याने तो विचार पुढे नेला. मूल विहिरीत पडताना पाहून काळीज हलते, तसे ते पशूचे ओरडणे ऐकूनही हलते, मोडलेले रोप पाहूनही हलते, फुटलेले कौल पाहूनही हळहळते. कारण माणूस सर्वांशी एका देहाने जोडलेला आहे. येथे निसर्गाशी मेळ ही घरातल्या माणसाच्या जबाबदारीसारखी गोष्ट होते.

या परंपरेशी आपल्या पूर्वसूरींचाही संबंध आला आहे. बुखाऱ्याच्या घराण्यातील सय्यद अजल शम्सुद्दीन उमर यांना कुबलाई खानाने १२७४ मध्ये युन्नान प्रांताचा कारभारी नेमले. तेथील कुनमिंग शहर मोठ्या तळ्याच्या काठी आहे आणि त्याला पुराचा त्रास होत असे. सय्यद अजल यांच्या कारकीर्दीत तळ्याच्या पाण्याची वाट खोल करून मोकळी केली गेली, नदीवर बंधारा झाला, पाण्याखालची जमीन शेतीस मिळाली. त्यांनी मशिदी बांधल्या आणि त्याच शहरात कन्फ्यूशियसचे विद्यामंदिरही उभारले. १२७९ मध्ये ते वारले. पुढे नानकिंगचे ल्यू चि यांच्यासारख्या चिनी मुस्लिम विद्वानांनी आपल्या धर्माची तत्त्वे कन्फ्यूशियसच्या परिभाषेत मांडणारे ग्रंथ लिहिले. आपली श्रद्धा सांभाळून दुसऱ्याचे शहाणपण कसे घ्यावे, याचा हा उत्तम नमुना होय.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. ज्या देशात इतका सुंदर विचार झाला त्याच देशात जंगले तुटत गेली. एके काळी उत्तर चीनमध्ये हत्ती हिंडत. आज ते युन्नानच्या दक्षिण टोकापुरते उरले आहेत. १७४३-४४ च्या दुष्काळात राजधानीभोवतीच्या प्रांतात सरकारने कोठारे उघडून आणि बाहेरून धान्य आणून लोकांना बऱ्याच अंशी जगवले. पण १८७६ ते १८७९ च्या दुष्काळात कोठारे रिकामी होती, राज्य खिळखिळे झाले होते. त्या वेळी उत्तर चीनमध्ये ९० लाख ते १ कोटी ३० लाख माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ मध्ये, आपल्या दख्खनमध्येही भीषण दुष्काळ पडला होता. ही दोन संकटे वेगळी नव्हती. पॅसिफिक महासागराचे पाणी तापून वाऱ्यांची दिशा बिघडते, त्याला आज एल निनो म्हणतात. १८७७-७८ चा एल निनो फार तीव्र होता. एकाच समुद्राने सोलापूर-नगरचा आणि शान्शीचा पाऊस रोखला. मेन्शियसचा प्रश्न दोन्ही ठिकाणच्या सत्ताधाऱ्यांना सारखाच लागू पडत होता.

विसाव्या शतकात तर निसर्गावर विजय मिळवण्याची भाषा सुरू झाली. १९५८ मध्ये चीनमध्ये चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना मारण्याची मोहीम निघाली. थाळ्या-ढोल वाजवून चिमण्यांना खाली बसू दिले नाही. त्या थकून पडत. मग पिकावरचे किडे खाणारे कोणी उरले नाही. १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून काढून त्या जागी ढेकूण घालावा लागला. १९५९ ते १९६१ च्या महादुष्काळाची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक मानवनिर्मित आहेत. त्यात या अविचाराचीही भर पडली.

विद्यार्थी मित्रहो, आता शाळेची गोष्ट सांगतो. १२ मे २००८ रोजी दुपारी सिचुआन प्रांतात प्रचंड भूकंप झाला. सुमारे ६९ हजार माणसे मेली आणि १८ हजार बेपत्ता झाली. मुले वर्गात होती. कित्येक ठिकाणी आजूबाजूच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शाळा मात्र कोसळल्या. सरकारने २००९ मध्ये जाहीर केलेल्या आकड्याप्रमाणे ५,३३५ विद्यार्थी मृत वा बेपत्ता होते. आईबापांनी विचारले की, शाळाच का पडली? सिमेंट कोणी कमी घातले? तपासणी कोणी केली? शून-त्झूने ज्यांना माणसाच्या हातचे अपशकुन म्हटले ते हेच. भूकंप निसर्गाचा होता, पण शाळेची भिंत माणसाने बांधली होती.

त्याच भूकंपात सांग-त्साव गावची माध्यमिक शाळा मात्र वाचली. तेथील मुख्याध्यापक ये चि-पिंग यांना शाळेची मुख्य इमारत कच्ची आहे हे ठाऊक होते. ती बांधायला जेवढा पैसा लागला होता त्याहून जास्त पैसा त्यांनी वर्षानुवर्षे थोडा थोडा मिळवून तिच्या मजबुतीवर घातला. बारीक खांब जाड करून घेतले. शिवाय प्रत्येक सत्रात मुलांकडून बाहेर पडण्याची कवायत करून घेतली. कोणता वर्ग कोणत्या जिन्याने उतरेल हे ठरवून दिले. भूकंपाच्या दिवशी दोन हजारांवर विद्यार्थी आणि शिक्षक १ मिनिट ३६ सेकंदांत मैदानावर आले. एकही मूल दगावले नाही. त्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः शाळेत नव्हते, कामासाठी बाहेरगावी होते. ते परत आले तेव्हा मुले मैदानात उभी होती. त्यांनी लावलेली शिस्त त्यांच्या गैरहजेरीतही चालली. कन्फ्यूशियसच्या तबेल्याच्या प्रश्नाला इतके चांगले उत्तर मला दुसरे माहीत नाही.

पालकहो, या सगळ्यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे? मोठ्या गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत, पण काही आपल्या हातच्याही आहेत. आपल्या गावच्या ओढ्याची जुनी जागा कोणती, मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते, हे घरातल्या वृद्धांना विचारून मुलांनी वहीत लिहून ठेवावे. नवे घर बांधताना त्या खुणेच्या आत पाया घालू नये, मग प्लॉट कितीही स्वस्त मिळो. आपल्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडू नये. शाळेच्या सभेला याल तेव्हा मुलांच्या गुणांबरोबर इमारतीचीही चौकशी करा. छताला तडा आहे का, जिना मोकळा आहे का, कवायत शेवटची कधी झाली, हे विचारा. शिक्षकाला या प्रश्नांचा राग येता कामा नये. मलाही हे प्रश्न विचारा, अशी माझी विनंती आहे. आणि गावात एखादे घर आपत्तीत सापडले तर त्या घरच्यांच्या कर्मावर चर्चा करीत बसण्याआधी त्यांच्या चुलीवर काही शिजते आहे का, ते पाहा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी तलाठी, कोणी कंत्राटदार, कोणी माझ्यासारखा शिक्षक. इंजिनिअर झालात तर नदीची जागा नदीला ठेवा. कंत्राटदार झालात तर सिमेंट पुरते घाला. अधिकारी झालात तर वेशीवरच्या चंग श्यासारखे, डोळ्यांनी दिसले ते वर कळवा. आणि कोणी काहीही झाले नाही तरी दर पावसाळ्याआधी आपल्या गल्लीतले गटार साफ आहे की नाही, एवढे पाहणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

पाऊस किती पडावा, जमीन कधी हलावी, हे आपल्या हाती नाही. त्याआधी काय करून ठेवावे, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. खुंग गुरुजींच्या परंपरेने अडीच हजार वर्षे जे सांगितले त्यातले मला उमगले ते एवढेच.